विश्लेषण : लॉगिन खरे, मग घोटाळा कसा होतो?

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाची छोटी ग्रामपंचायत आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५च्या अखेरीस उघडकीस आले. त्याच वर्षी जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदान वाटपाचे प्रकरण गाजले. तेथे वरिष्ठांच्या लॉगिनचा गैरवापर करून बोगस लाभार्थ्यांच्या याद्या मंजूर केल्याचा आरोप आहे आणि घोटाळ्याची रक्कम सुमारे २५ कोटी रुपये सांगितली जाते. पोलिस तपास आपल्या मार्गाने होईल. पण दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे : यंत्रणेच्या दृष्टीने लॉगिन खरे होते. पासवर्ड जुळला, दार उघडले, आणि आत गेलेल्या माणसाला पुढे कोणी काही विचारलेच नाही.

ओळख आणि अधिकार यांत फरक काय?

वेब अ‍ॅप्लिकेशन दोन वेगळे प्रश्न विचारते, किंवा विचारायला हवेत. पहिला : तू कोण? युजर आयडी, पासवर्ड, ओटीपी, अंगठा, डिजिटल स्वाक्षरी ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरे. दुसरा : तू जो कोणी आहेस, त्याला हे काम, या नोंदीवर, आत्ता करता येते का? गेल्या दहा वर्षांत सरकारी असो की खासगी, बहुतेक पोर्टलांनी पहिल्या प्रश्नावर भरपूर खर्च केला. दुसरा मात्र ‘हा तलाठी आहे, हा तहसीलदार आहे, हा नागरिक आहे’ अशा ढोबळ भूमिकांवर सोडून दिला जातो.

ढोबळ भूमिका कुठे कमी पडते, ते हट्ट्याच्या उदाहरणाने पाहू. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले हट्टा हे महसूल मंडळाचे गाव आहे. एखाद्या शेतकऱ्याने येथे दोन एकर हळदीचे रान विकत घेतले, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवहीत नोंद धरतात. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद तक्रारी प्रकरणांच्या वहीत जाते आणि सुनावणी होते. कागदाच्या काळात हा सगळा अधिकार जागेला बांधलेला होता. वही हट्ट्याच्या चावडीत असे, त्यामुळे दुसऱ्या सजाच्या तलाठ्याला तिच्यात लिहिता येत नसे. वही ऑनलाइन आली की ही आपोआप असलेली अटकाव-व्यवस्था नाहीशी होते. ती कोणीतरी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम लिहावी लागते.

मग तपासणी ‘बारीक’ म्हणजे किती बारीक?

वरच्याच व्यवहारात प्रोग्रॅमने काय काय विचारायला हवे ते पाहा. नोंद धरणारा तलाठी आहे का, हे सर्वांत सोपे. हा गट क्रमांक त्याच्या सजात येतो का? त्याच्याकडे या सजाचा कार्यभार आज आहे का, की मे महिन्यात बदली होऊन गेलेल्या माणसाचे लॉगिन अजून चालू आहे? प्रमाणित करणारी व्यक्ती आणि नोंद धरणारी व्यक्ती वेगळी आहे का? हरकतीची मुदत उलटली का? हरकत नोंदली गेली असेल तर ‘प्रमाणित करा’ हे काम मुळात होताच कामा नये. आणि नोंदीशी संबंधितांत अधिकाऱ्याचा स्वतःचाच कोणी असेल तर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदात असते. बाकीच्यांची उत्तरे त्या पदाचे त्या विशिष्ट नोंदीशी असलेले नाते, तारीख आणि नोंदीची सद्यस्थिती यांत असतात. अधिकार-तपासणी बारीक करणे म्हणजे एवढेच : पदाऐवजी नात्याला विचारणे. गूगलने आपल्या ड्राइव्ह, यूट्यूब यांसारख्या सेवांसाठी ‘झांझिबार’ नावाची जी यंत्रणा बांधली आणि २०१९मध्ये शोधनिबंधातून जगासमोर मांडली, तिच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. ‘अमुक व्यक्तीचे तमुक फाइलशी अमुक नाते’ अशी छोटी वाक्ये साठवायची आणि प्रत्येक विनंतीला ती तपासायची. आपल्या महसूल खात्याकडे ही वाक्ये शंभर वर्षांपासून आयती आहेत. कोणता सजा कोणाकडे, कोणते गाव कोणत्या मंडळात, हे तर आदेश काढूनच ठरते.

बटण लपवले की काम झाले का?

नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. ज्याला अधिकार नाही त्याच्या पडद्यावर बटण दिसू द्यायचे नाही, यालाच अनेक प्रोग्रॅमर सुरक्षा समजतात. पण पडदा वापरणाऱ्याच्या हातात असतो. ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत असलेली विनंती थोडे तांत्रिक ज्ञान असलेला कोणीही बदलू शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आयकर ई-फायलिंग पोर्टलमधली अशीच त्रुटी समोर आली. स्वतःच्या खऱ्या खात्याने लॉगिन करायचे, विनंतीतला स्वतःचा पॅन काढून दुसऱ्याचा टाकायचा, की त्या दुसऱ्याची माहिती समोर. त्रुटी दुरुस्त झाली, पण कोट्यवधी करदात्यांच्या पोर्टलवर ती होती. अमेरिकेत ‘फर्स्ट अमेरिकन’ या जमीन-मालकीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर २०१९मध्ये सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे उघडी आढळली होती. तिथे तर लिंकमधला आकडा एकाने वाढवला की पुढच्या माणसाचा कागद उघडत असे. लॉगिनही लागत नव्हते.

वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत २०२१पासून पहिल्या क्रमांकावर ही ‘मोडकी अधिकार-तपासणी’च आहे. तिच्यावर हल्ला करायला फार हुशारी लागत नाही.

उपाय सांगायला साधा आहे. सर्व्हरने डेटाबेसकडे ‘क्रमांक अमुकची नोंद दे’ अशी मागणी करायचीच नाही. ‘क्रमांक अमुकची नोंद दे, पण ती या माणसाच्या सजातली असेल तरच’ अशी करायची. नियम स्पष्ट नसेल तिथे उत्तर ‘नाही’. आणि हे नियम शंभर फाइलींत विखुरलेले न ठेवता एका जागी लिहायचे, म्हणजे शासन निर्णय बदलला की एकच जागा बदलावी लागते. चाचणीचीही एक सवय बदलायला हवी. योग्य माणसाचे काम होते का, हे सगळेच तपासतात. चुकीच्या माणसाचे काम अडते का, याची चाचणी क्वचितच लिहिली जाते.

कडक यंत्रणाच पासवर्ड वाटायला लावते का?

हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या चर्चेत सहसा येत नाही, पण आमच्या मते खरी मेख इथे आहे. एका तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार, कोणी दीर्घ रजेवर, कोणी निवडणूक कामाला जुंपलेला, आणि अतिवृष्टीनंतर वरून निरोप : याद्या आजच अपलोड करा. अशा वेळी तहसीलदारांचे लॉगिन ऑपरेटरकडे जाते ते बहुधा बेइमानीने नव्हे, काम उरकण्यासाठी. एकदा वाटलेला पासवर्ड मात्र परत येत नाही. म्हणून पोर्टलमध्ये अधिकार सोपवण्याची अधिकृत सोय हवी : या व्यक्तीला, या गावापुरता, फक्त यादी भरण्याचा अधिकार, अमुक तारखेपर्यंत. मंजुरीचा नाही. मुदत संपली की अधिकार आपोआप संपेल आणि कोणी काय केले ते त्याच्या स्वतःच्या नावावर राहील. नुसता कडकपणा वाढवला तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली जातात. कोणत्याही कार्यालयात डोकावून पाहावे.

शेंदुरसनीसारख्या प्रकाराला आणखी एक साधी चाळणी अडवू शकली असती. दीड हजार वस्तीच्या गावात एका दिवसात शेकडो जन्मनोंदी होत असतील तर यंत्रणेने थांबून जिल्हा निबंधकाची संमती मागायला हवी. बँका असामान्य व्यवहाराला हेच करतात.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती बाळगणाऱ्याने ती कोण पाहू शकतो यावर नियंत्रण ठेवावे आणि पाहिल्याच्या नोंदी किमान वर्षभर जपाव्यात, असे नियम सांगतात. सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे. पोर्टले दुरुस्त करायला हाच काळ हाती आहे.

मात्र पाहिल्याच्या या नोंदी सर्व्हरच्या पोटात पडून राहिल्या तर हट्ट्याच्या शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नाही. आपल्या गटावर फेरफार धरला गेला, आपल्या नावावर अनुदान मंजूर झाले, तर ते कोणाच्या लॉगिनवरून व केव्हा, हे त्याला मोबाइलवर दिसले पाहिजे. बँक खात्यातून शंभर रुपये गेले तरी एसएमएस येतो. सातबाऱ्यावरचे नाव बदलताना तो का येऊ नये?