खोके एक, धोके दोन

गेल्या पावसाळ्यात एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. ताप, पोटात मुरडा, पातळ जुलाब. पाण्याची, खाण्याची चौकशी झाली. शेवटी सोबतची आजी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पोरगं दिवसभर पिल्लांच्या खोक्यात हात घालून बसतंय.” स्वयंपाकघरातच, एका खोक्यात, एका बल्बखाली कोंबडीची वीस पिल्ले आणि जपानी लावांची दहा!

मुलगा सलाईनवर बरा झाला. दोष पिल्लांचाच, असे काही मी तपासणीने सिद्ध केलेले नाही. पण संशयाला जागा भरपूर होती. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांना त्यांचा त्रास अधिक.

लावापालन हा जोडधंदा चांगलाच आहे. माझा आक्षेप “बल्ब जळतोच आहे, तर दोन्ही एकत्र वाढवू” या हिशेबाला आहे. लावाचे पिल्लू सात-आठ ग्रॅमचे, कोंबडीचे पस्तीस-चाळीस ग्रॅमचे. मोठे लहानाला तुडवते. कोंबडीच्या पाण्याच्या भांड्यात लावाचे पिल्लू बुडून मरते. शिवाय एकाचा रोग दुसऱ्याला लागतो.

यात माणसाचाही संबंध येतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली बर्ड फ्लूने १८ जणांना गाठले, त्यांतले ६ दगावले. त्या विषाणूशी जवळचे नाते असलेला विषाणू लावा पक्ष्यांत सापडला. पुढे तिथल्या बाजारात लावा कोंबड्यांपासून वेगळे करावे लागले. आपल्याकडे २००६ साली नवापुरात काय झाले, ते कोंबडीपालकांना सांगायला नको.

कोणी म्हणेल, “आमच्या आजीनेही घरात कोंबड्या पाळल्या.” खरे आहे. पण तेव्हा जुलाबाने घरोघरी किती लेकरे गेली, तेही आजीलाच विचारा.

तेव्हा वाचकहो, दोन पक्ष्यांना दोन खोकी करा, तीही स्वयंपाकघराबाहेर. पाण्याच्या भांड्यात खडे टाका. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांना दूरच ठेवा. एकाएकी बरीच पिल्ले मेली, तर उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आणि दम्यावर औषध म्हणून लावाचे कच्चे अंडे मुलाला पाजू नका. त्याने दमा जात नाही, जुलाब मात्र लागू शकतात. अंडे उकडूनच द्या.

दुसऱ्या खोक्याचा खर्च सलाईनच्या एका बाटलीपेक्षा कमीच येईल.