ठिपके गेले, आजार राहिला

ईदची सुट्टी संपायच्या आत माझ्या धाकट्याने जमलेली सगळी ईदी एका माशावर खर्च केली. नववीतला मुलगा. त्याच्या वयाची पोरं बूट घेतात, मोबाइलचं कव्हर घेतात. याने निळ्याशार अंगाचा, पिवळ्या शेपटीचा रीगल टँग घेतला. ‘फाइंडिंग निमो’ पाहिलेल्या घरांत त्याला डोरी म्हणतात. मुंबईच्या एका दुकानातून मासा पिशवीत, पिशवी दप्तरात, दप्तर मांडीवर, असा तो पाहुणा कल्याण लोकलने डोंबिवलीला उतरला.

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आधीपासून होती. आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब पुण्याला राहायला गेलं, तेव्हा दोनशे लिटरची टाकी आणि तिच्यातली क्लाऊनफिशची जोडी आम्हाला देऊन गेलं. (टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला दोनशे लिटर पुरत नाहीत, हेही आम्हाला मागाहून कळलं.) पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, आतबाहेरचं तापमान जुळलं आणि मासा टाकीत सोडला. दुकानात एवढंच सांगितलं होतं. मी शेजारी उभी राहून बिस्मिल्लाह म्हटलं. चूक तिथेच झाली, आणि तिच्यात मी सामील होते.

पाचव्या दिवशी टँगच्या परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. तो दगडाला अंग घासू लागला. मुलगा घाबरला. दुकानात फोन केला, तिथून एका निळ्या औषधाचं नाव मिळालं, ते आणून टाकलं. आठव्या दिवशी सकाळी पाहतो तर एकही ठिपका नाही! घरभर आनंद. सासूबाईंनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, मुलाने औषधाची बाटली कपाटात जपून ठेवली. मग साधारण दहा दिवसांनी तिन्ही मासे ठिपक्यांनी भरले. तोंड उघडं टाकून भराभर श्वास घेऊ लागले. टँग रात्रीत गेला, दुसऱ्या दिवशी मगरिबच्या सुमारास क्लाऊनफिशमधली मोठी मादी गेली. माझा मुलगा त्या रात्री जेवला नाही. “अम्मी, मी पैसे देऊन त्याला मारायला आणलं का?” असं त्याने विचारलं, आणि वीस वर्षं वर्गात उत्तरं देत आलेल्या मला एक वाक्य सुचेना.

मग आम्ही दोघं वाचायला बसलो. आधी वाचलं असतं तर दोन जीव वाचले असते.

हा आजार एका परजीवीचा आहे. तो एकपेशीय, डोळ्यांना न दिसणारा. शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हे नाव त्याला 1951 साली ब्राऊन यांनी दिलं. आमच्या लहानपणी शाळेची सहल हमखास जिथे जायची, ते मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालयही 1951 सालचंच. या परजीवीचे दिवस वाटून घेतलेले असतात. माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस खातो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हे त्याचं जेवण चाललेलं असतं. पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो, बहुधा अंधारात. टाकीच्या तळाला, दगडाला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष विणतो. त्या एका कोषात त्याची दोनशेपर्यंत पिल्लं तयार होऊ शकतात. काही कोष तीन दिवसांत फुटतात, काही चार आठवड्यांनी. फुटण्याची वेळ बऱ्याचदा पहाटेची, मासे तळाशी निजलेले असतात तेव्हाची. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं. आमच्या टाकीत तीन मासे होते, शोधायला लांब जायची गरज नव्हती.

म्हणजे आठव्या दिवशी ठिपके गेले ते औषधाने गेलेच नव्हते. परजीवी जेवून उठला होता, एवढंच. आम्ही शुक्र करत होतो त्या वेळी तळाशी कोष भरत होते. मला यातलं सर्वांत जास्त हेच लागलं. मासा बरा दिसतो, दुकानदाराचा सल्ला खरा वाटतो, आपण दुसऱ्यालाही तेच औषध सुचवतो. गोड्या पाण्याच्या माशांनाही पांढरे ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा. तिथे पाणी थोडं गरम केलेलं उपयोगी पडतं, इथे त्याने आजार जात नाही. लसूण चारण्याचा सल्ला तर मला चार जणांनी दिला. लसणाने मासा चवीने खाईल कदाचित, कातडीखालचा परजीवी मरत नाही.

खरा उपाय मासा टाकीत जाण्याआधीचा आहे. क्वारंटाइन हा शब्द आता आपल्या आजीलाही ठाऊक आहे. 2020 मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या किती घरांतली माणसं भिवंडी बायपासजवळच्या टाटा आमंत्रामध्ये दिवस मोजत बसली होती, ते विसरलेलं नाही कोणी. मूळ शब्द व्हेनिसकडचा, चाळीस दिवसांचा. आपल्याकडच्या चिल्ल्यासारखाच. माझे अब्बा हे ऐकून म्हणाले, आजारी उंट निरोगी उंटांच्या कळपात आणू नका, अशी ताकीद हजरत मुहम्मद (स.) यांनी केली होती ती तुम्ही वाचली नाही का? वाचली होती. मासा उंटासारखा दिसला नाही, म्हणून आठवली नाही.

वेगळी टाकी म्हणजे महागडं काही नको. साठ लिटरची साधी काचेची टाकी किंवा झाकणाचा मोठा प्लास्टिकचा टब चालतो. तळाशी वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबरच्या दुकानातले पांढरे पीव्हीसीचे एल्बो. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर. समुद्री मीठ वेगळं मिळतं, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ वापरू नये. ऐरोली-मुंब्र्याच्या खाडीचं पाणी तर मुळीच आणू नये. जाळी, मग, टॉवेल, सगळं वेगळं ठेवावं, कारण ओल्या हातावरच्या थेंबातूनही रोग मोठ्या टाकीत जातो. दोन चीजा आमच्याकडे कमी पडल्या होत्या, त्या आधी घ्या: अमोनिया तपासायचं किट आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. नव्या टबात घाण पचवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात. माशाच्या स्वतःच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया दोन दिवसांत त्यालाच मारू शकतो. म्हणून किट बघून पाणी बदलत राहायचं. आणि आमच्याकडे मे महिन्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी असतो.

आता तांब्याची गोष्ट. या परजीवीवर सर्वांत जुना आणि भरवशाचा इलाज तांब्याचा आहे. आमचे एक चुलते नाशिककडे द्राक्षबागेत काम करून आलेले. त्यांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, “मग चिमूटभर मोरचूद टाक की, बोर्डो मिश्रणात टाकतो तेच!” मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, चुलते खोटं बोलत नव्हते. पण मी मुलाला वही काढायला लावली. एका लिटरला तांबं हवं 0.2 मिलिग्रॅम. साठ लिटरला 12 मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे मोरचूद लागेल 47 मिलिग्रॅम. चिमटीत सहज 300 मिलिग्रॅम येतात. चाचांच्या चिमटीने डोस सहापट झाला असता. आपल्या घरातल्या तांब्याच्या देगेला कल्हई का लावतात ते मुलाला त्या दिवशी कळलं. मुलगा म्हणाला, “गणिताच्या पेपरला असं उदाहरण का येत नाही?”

तेव्हा घरचं मोरचूद नको. माशांसाठी बनवलेलं तांब्याचं तयार औषध घ्या, त्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि तांबं मोजायचं किट घेतल्याशिवाय बाटली उघडू नका. तयार औषधांत दोन जाती आहेत. काहींत मोकळं तांबं असतं, त्याचं प्रमाण 0.15 ते 0.2. काहींत बांधलेलं असतं, त्याचं प्रमाण त्याच्या दसपट. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर परजीवी जगतो किंवा मासा मरतो. प्रमाण तीन-चार दिवसांत हळूहळू चढवायचं, मग महिनाभर रोज मोजत टिकवायचं. या पाण्यात अमोनिया मारणारं औषध घालू नये, काही औषधांनी तांबं जास्त विषारी होतं. आणि हे सगळं वेगळ्या टाकीतच. मोठ्या टाकीत तांबं पडलं की गोगलगायी, खेकडे, प्रवाळ मरतात, आणि चुन्याचे दगड तांबं शोषून बसतात.

आम्ही तांबं वापरलंच नाही. उरलेला क्लाऊनफिश इतका थकला होता की आम्हाला हिंमत झाली नाही. आम्ही टब बदलण्याची रीत धरली. दोन टब घेतले. मासा पहिल्या टबात. बहात्तर तास व्हायच्या आत त्याला ताज्या पाण्याच्या दुसऱ्या टबात हलवायचं, पहिला टब धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा. परजीवी मासा सोडून टबाच्या तळाशी कोष करतो, आणि कोष फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात. ते फुटण्याआधीच मासा दुसऱ्या घरी! असं चार वेळा, बारा दिवस. घड्याळ महत्त्वाचं, म्हणून मुलाने फजरची वेळ धरली. चारही वेळा तो माझ्या आधी उठला. बालदीत आदल्या दिवशी मीठ विरघळवून ठेवायचं, खारेपणा आणि तापमान जुळवायचं, मग हलवायचं. औषधाचा थेंब नाही, आणि तेराव्या दिवशी मासा स्वच्छ होता.

पण मोठ्या टाकीत कोष होतेच. मासाच नसेल तर पिल्लं उपाशी मरतात, म्हणून टाकी माशांशिवाय ठेवायची. फार लांबलेला कोष 72 दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, त्यावर चार दिवस धरून 76. आपल्या उकाड्यात याहून कमी दिवसांत भागतं असं म्हणणारेही आहेत. मुलाने कॅलेंडरवर 76 चौकोन आखले. खेकडा आणि गोगलगायी आतच राहिल्या, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. आलेला प्रत्येक पाहुणा रिकाम्या टाकीकडे बघून विचारायचा, मासे विकले का? हॉलच्या कोपऱ्यातल्या निळ्या टबात एक मासा आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नसे.

सगळेच ठिपके या आजाराचे नसतात. रव्याऐवजी पिठी साखर भुरभुरल्यासारखी बारीक धूळ दिसली आणि मासा पाण्याच्या झोतात तोंड धरून राहिला, तर तो वेल्व्हेट. तो दोन-तीन दिवसांत मारतो, तिथे टब बदलण्यावर भिस्त ठेवू नये, तांबंच लागतं. क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरी चिकट साल सुटू लागली तर तो ब्रुकलिनेला, त्यावर तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मेलिन लागतं, आणि ते मुलांच्या हातात देण्याजोगं नाही. म्हणून आजार ओळखण्याआधी बाटली विकत घेऊ नये.

टँग अजून बहुतांशी समुद्रातून पकडूनच आणतात, पिशव्या आणि टाक्या बदलत तो आपल्यापर्यंत येतो, आणि वाटेतल्या प्रत्येक पाण्यातलं काही ना काही अंगावर घेऊन येतो. क्लाऊनफिशचं तसं राहिलेलं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचं तंत्र बसवलं आहे. आपल्या जवळ ऐरोलीला, फ्लेमिंगो बघायला शाळा जातात त्या केंद्रात, मँग्रोव्ह फाउंडेशननेही ही पैदास केली आहे. टाकीत जन्मलेला मासा घेतला तर रोगाची शक्यता कमी होते. क्वारंटाइन मात्र त्यालाही लागतं, कारण मधल्या दुकानातलं पाणी सगळ्यांचं एकच असतं.

पावसाळ्यात 76 वा चौकोन भरला आणि आमचा क्लाऊनफिश मोठ्या टाकीत परत गेला. आता त्याला जोडीदार आणला आहे, टाकीत जन्मलेला, लहानसा. तो निळ्या टबात आहे, आज त्याचा एकोणिसावा दिवस. परवा शेजारच्या मुलाने विचारलं, हा इतका छान दिसतो, खातोय पण, मग सोडत का नाही? माझ्या मुलाने त्याला कॅलेंडर दाखवलं आणि म्हणाला, “डोरी पण छान दिसत होती.” मग दोघं मिळून टबाचं पाणी बदलायला बसले.