पाच महापालिकांचे बेंगळुरू आणि म्हैसूरची जुनी काटकसर

सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूतील शिवाजीनगरची आठवण महाराष्ट्राला झाली ती एका नावापुरती. तेथील नियोजित मेट्रो स्थानकाला सेंट मेरी यांचे नाव देण्याच्या प्रस्तावावर आपल्याकडील नेत्यांनी आक्षेप नोंदवला. त्याच महिन्याच्या २ तारखेला शिवाजीनगरचा सगळा नागरी कारभार एका महापालिकेकडून दुसरीकडे गेला, याची मात्र कोणी दखल घेतली नाही. बृहत् बेंगळुरू महानगर पालिका त्या दिवशी संपली. तिच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा पाच महापालिका आल्या आणि त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण बसले. शिवाजीनगर मध्य महापालिकेत आहे.

लहान महापालिका नागरिकांच्या जवळ असते, असे या फेररचनेचे समर्थन केले जाते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो खर्चाचा प्रश्न, आणि त्याची तपासणी करण्यास शिवाजीनगरसारखी दुसरी जागा नाही. शासनाचा खर्च छाटून कारभाराची नवी मांडणी करण्याचा मोठा प्रयोग या भूमीवर एकदा होऊन गेला आहे.

१८३१ मध्ये ब्रिटिशांनी म्हैसूरचा कारभार महाराजांकडून काढून घेतला. मार्क कब्बन १८३४ पासून १८६१ पर्यंत आयुक्त होते. त्यांनी जुनी देशी यंत्रणा फारशी मोडली नाही. महसुली कचेऱ्यांत कानडीबरोबर मराठीही चालत राहिली आणि राज्य स्वस्तात चालले. त्यांच्यानंतर आलेल्या लेविन बाऊरिंग यांनी तीन विभाग आणि आठ जिल्हे अशी रीतसर उतरंड उभी केली. नवी खाती निघाली आणि वरच्या जागांवर भरपूर पगाराचे युरोपीय अधिकारी आले. शिवाजीनगरातले बाऊरिंग रुग्णालय त्याच काळातले आहे. तेव्हा या विस्ताराने लोकांना काहीच दिले नाही, असे म्हणता येणार नाही.

मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. १८७१ च्या खानेसुमारीत म्हैसूरची लोकसंख्या ५० लाखांवर होती, ती १८८१ मध्ये ४२ लाखांच्या आत आली. वर्षाला कोटीच्या आसपास महसूल असलेल्या राज्यावर सुमारे ८० लाखांचे कर्ज झाले. २५ मार्च १८८१ रोजी राज्य महाराजांना परत मिळाले ते या स्थितीत. शिवाय ब्रिटिशांना द्यावयाची वार्षिक खंडणी साडेचोवीस लाखांवरून ३५ लाख ठरली होती. वाढीव रक्कम काही वर्षे लांबणीवर पडली, एवढाच दिलासा.

छाटणी हस्तांतराच्या आधीच सुरू झाली होती आणि विभागीय आयुक्तांची पदे तेव्हाच गेली. दिवाण रंगाचार्लू यांनी ती पुढे नेली. म्हैसूरचा ब्रिटिश कारभार महागडा आहे आणि ती कामे देशी अधिकारी कमी पगारात करू शकतात, हे त्यांनी १८७४ मध्येच पुस्तिका लिहून मांडले होते. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्यांनी १४४ सदस्यांची प्रतिनिधी सभा बोलावली. तिला मतदानाचा अधिकार नव्हता, हे खरे. पण राज्याची आर्थिक स्थिती आणि तिची कारणे दिवाणांनी रयतेच्या प्रतिनिधींसमोर उभे राहून सांगितली. १८८१ साली हिंदुस्थानात हे लहान काम नव्हते.

या काटकसरीची सगळीच बाजू उजळ नव्हती. हासन आणि चित्रदुर्ग या जिल्ह्यांचा दर्जा १८८२ मध्ये काढून त्यांना उपविभाग करण्यात आले. १८८६ मध्ये दोन्ही जिल्हे पुन्हा करावे लागले. वरचे महाग पद कमी केले तर बचत टिकते. खालची कचेरी बंद केली तर तिचा खर्च रयतेच्या प्रवासावर आणि वेळेवर जातो, आणि सरकारला ती कचेरी कधी तरी पुन्हा उघडावीच लागते.

आजचे शिवाजीनगर या सगळ्यापासून वेगळे ठेवले गेले होते. हस्तांतराच्या वेळी लष्करी छावणीचा सुमारे तेरा चौरस मैलांचा भाग ब्रिटिश रेसिडेंटच्या हाती राहिला. एका शहराला १८६२ पासूनच दोन नगरपालिका होत्या. आता त्यांच्यावर दोन राज्यसत्ताही आल्या. दोन यंत्रणांचा हा दुहेरी खर्च डिसेंबर १९४९ पर्यंत, म्हणजे ८७ वर्षे चालला. तेव्हा कुठे दोन्ही नगरपालिका एक झाल्या. २००७ मध्ये सात नगर परिषदा, एक नगर पंचायत आणि ११० गावे जोडून शहर आणखी फुगवले गेले. आता पुन्हा विभागणी.

१८८१ ची फेररचना पदे कमी करण्यासाठी होती. २०२५ ची फेररचना पदे वाढवते. आयुक्त पाच, लेखा विभाग पाच, वरती प्राधिकरणाची कचेरी वेगळी. एवढे करून पाणीपुरवठा १९६४ च्या जलमंडळाकडेच आहे आणि बस, वीज व भूविकास यांची स्वतंत्र मंडळे आपापल्या जागी आहेत. प्राधिकरणात त्यांना एकत्र बसवले आहे, पण महापालिकेच्या सभागृहाला ती उत्तरदायी नाहीत. दुहेरी खर्च खरोखर तेथे आहे, आणि नेमका तो हिशेब कोणी उघडलेला नाही.

उत्पन्नाचा प्रश्न याहून कठीण आहे. जुन्या महापालिकेत मालमत्ता कराचा सर्वांत मोठा वाटा महादेवपुऱ्याकडून, म्हणजे संगणक कंपन्यांच्या पट्ट्यातून येई. तो आता पूर्व महापालिकेत गेला. रसेल मार्केटचा कचरा आणि छावणीच्या काळातल्या गल्ल्यांची गटारे मध्य महापालिकेकडे राहिली. तिच्याकडे मोठ्या बाजारपेठा आहेत, त्यामुळे ती लगेच कंगाल होणार नाही. परंतु पाचांमधील तफावत कोणत्या सूत्राने भरायची, हे वर्षानुवर्षे टिकणाऱ्या नियमाने ठरले पाहिजे. मंत्रालयाच्या मर्जीवर ते ठेवता येत नाही. १ मे २०२५ रोजी बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना, म्हणजे सफाई कामगारांना, कायम नियुक्तीची पत्रे देण्यात आली. त्यांचा पगार दरमहा निघणार की नाही, ते या सूत्रावर अवलंबून आहे.

दिल्लीत काय झाले, ते सर्वांसमोर आहे. २०१२ मध्ये तेथील महापालिकेचे तीन तुकडे झाले. दक्षिणेची तग धरून राहिली; उत्तर आणि पूर्व दिल्लीत पगार थकले, सफाई कामगारांचे संप झाले आणि कचरा रस्त्यावर आला. मे २०२२ मध्ये केंद्राने तिन्ही तुकडे पुन्हा जोडले. पुण्याचे दोन भाग करावेत, अशी मागणी अधूनमधून करणाऱ्यांनी हा दशकाचा हिशेब वाचावा. आपल्याकडेही फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे आधी पुण्याच्या हद्दीत आणली आणि नंतर बाहेर काढली.

आणखी एक बाब मला खटकते. बेंगळुरूत सप्टेंबर २०२० पासून निवडून आलेले सभागृह नव्हते. म्हणजे जी महापालिका विसर्जित झाली, तिच्या वतीने बोलणारा एकही नगरसेवक तेव्हा नव्हता. मुंबईची महापालिकाही मार्च २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिली, तेव्हा हा दोष एकट्या कर्नाटकाचा नाही. तरीही पाच महापालिकांसाठी ३६९ प्रभाग आखले गेले आहेत. त्यांतून येणाऱ्या सभागृहांनी पहिल्याच अर्थसंकल्पाबरोबर दोन आकडे मागावेत: विभागणीमुळे किती पदे वाढली, आणि त्यांचा पगार कोणत्या करातून जाणार.