मकतबची फी भरली, म्हणजे जबाबदारी संपली का?

2024 मध्ये मदरसे बातम्यांत होते. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने मदरशांतील डीएड शिक्षकांचे मानधन 6 हजारांवरून 16 हजार, तर बीएड शिक्षकांचे 8 हजारांवरून 18 हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा बहुतांशी वैध ठरवला. दोन्हींचे स्वागतच. पण आपल्या घरातल्या किती मुलांशी या बातम्यांचा संबंध आहे?

मदरशात शिकणारी मुस्लिम मुले जेमतेम 3-4 टक्के आहेत, हे सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवून दिले. शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांना दीनी तालीम मिळते ती मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये, रोज तासभर. हाफिजजींसमोर वीस-पंचवीस मुले. कुणी नुरानी कायद्यावर, कुणी अम्मा पाऱ्यावर. एकेकाचा सबक ऐकायचा, तर मुलाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. उच्चार सुधारतात, अर्थ राहून जातो. त्यात बरीच मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची. दीनियातचे उर्दू पुस्तक त्यांना वाचताच येत नाही. आम्ही शिक्षक हे नेहमी पाहतो. सूरह फातिहा तोंडपाठ असते, पण ‘यात आपण अल्लाहकडे काय मागतो?’ असे विचारले की मूल गप्प.

हा दोष हाफिजजींचा नाही. गणितात गुण कमी पडले की आपण लगेच ट्यूशन लावतो. मकतबची मात्र फी पाठवली की झाले! कुरआनमध्ये हजरत लुकमान मुलाला स्वतः नसीहत करतात: शिर्क करू नकोस, नमाज कायम कर, सब्र कर, गर्वाने चालू नकोस. मुलांना सातव्या वर्षी नमाजला लावा, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची ताकीदही पालकांनाच आहे.

‘आम्हालाच अरबी येत नाही,’ असे कित्येक अम्मी-अब्बू म्हणतात. पण कुरआनचे उर्दू आणि मराठी अनुवाद मिळतात. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मुलाचा सबक ऐका, एका आयतीचा अर्थ त्याच्या भाषेत सांगा. महिन्यातून एकदा हाफिजजींना भेटा. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर ‘उद्या विचारून सांगतो’ म्हणा. त्याला गप्प बसवले, तर तोच प्रश्न तो मोबाइलला विचारतो, आणि तिथे उत्तर कोण देतोय हे आपल्याला कळतही नाही.

शेवटी, मूल ऐकते त्यापेक्षा जास्त पाहते. मकतबमध्ये सच बोलण्याचा सबक घेऊन आलेल्या मुलाला आपणच ‘अब्बू घरी नाहीत, असं सांग’ म्हणून दारावर पाठवले, तर त्याचा कोणता सबक पक्का होईल?