चंद्रावर उतरण्याची परीक्षा जमिनीवरच

प्रतिनिधी, कन्हान (नागपूर)

कन्हानहून रामटेक जेवढे दूर, साधारण तेवढ्याच उंचीवरून, म्हणजे ३० किलोमीटरवरून, चांद्रयानाचा लॅंडर चंद्राकडे झेपावतो. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला सुमारे १६८३ मीटर असतो. याच वेगाने कोणी कन्हानहून निघाला, तर वीस सेकंदांच्या आत रामटेकला पोहोचेल. एवढा प्रचंड वेग पंधरा-वीस मिनिटांत जवळजवळ शून्यावर आणायचा, तोही पृथ्वीवरून कोणाचाही हात न लागता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘विक्रम’ने हे साधले. त्या यशाचे कौतुक भरपूर झाले. ते यश ज्या तयारीतून आले, त्या तयारीविषयी मात्र फारसे बोलले गेले नाही. चांद्रयान-४ ची जुळवाजुळव सुरू असताना तिच्याकडे पाहणे अगत्याचे आहे.

चांद्रयान-२ चा लॅंडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर आदळला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिले. पहिल्या टप्प्यात, ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत, सारे ठीक होते. दुसऱ्या टप्प्यात वेगातील घट आराखड्यापेक्षा जास्त झाली, एवढेच त्यात होते. अपघाताचा सविस्तर अहवाल तेव्हा जनतेपुढे ठेवण्यात आला नाही. खरा उलगडा झाला तो जुलै २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या प्रक्षेपणाच्या तोंडावर. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी तीन कारणे सांगितली. पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर लावला, त्यामुळे चुका साचत गेल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी यानाला झपाट्याने वळणे भाग होते, पण वळण्याच्या गतीवर संगणकप्रणालीनेच मर्यादा घातलेली होती. आणि उतरण्यासाठी नेमलेली जागा होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. तेवढ्याच चौकोनात उतरण्याच्या अट्टहासापायी यान जमिनीजवळ येऊनही वेग वाढवत राहिले.

या तिन्ही कारणांपैकी एकही आकाशात जन्मलेले नाही. प्रत्येकाचे मूळ प्रयोगशाळेत, म्हणजे प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी, सापडते.

म्हणूनच चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने प्रश्नच उलटा केला. काय बरोबर होईल, यापेक्षा काय काय बिघडू शकेल, याची यादी करून आराखडा आखला गेला. मधले पाचवे इंजिन काढून टाकण्यात आले. उतरण्याची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी ऐसपैस ठरवली गेली. पाय असे मजबूत केले की सेकंदाला दोनऐवजी तीन मीटर वेगाने टेकले तरी ते मोडू नयेत. इंधन वाढले, सौरपट्ट्या मोठ्या झाल्या आणि वेग थेट मोजणारे लेझर उपकरण नव्याने बसवण्यात आले.

त्यानंतर चाचण्यांचे सत्र चालले. लॅंडरचे संवेदक हेलिकॉप्टरला बांधून उडवले गेले आणि जमीन कशी ‘दिसते’ ते तपासले गेले. उंच क्रेनला लटकवून इंजिने पेटवून पाहिली गेली. पाय वेगवेगळ्या पृष्ठभागांवर आपटून पाहिले गेले. चंद्राच्या मातीसारखी माती हवी, तर तमिळनाडूच्या नामक्कल जिल्ह्यातील अॅनॉर्थोसाइट खडक भरडून ती चांद्रयान-२ च्या वेळीच तयार करण्यात आली होती. एका उपकरणाच्या विद्युतलहरी दुसऱ्यात ढवळाढवळ करत नाहीत ना, याची तपासणी जानेवारी २०२३ च्या अखेरीस बंगळुरूत झाली. मार्चमध्ये प्रक्षेपणाच्या वेळचे हादरे आणि कानठळ्या बसवणारा आवाज यान सोसते का, ते पाहिले गेले. ५ जुलै रोजी यान रॉकेटच्या टोपणासह रॉकेटवर चढले आणि १४ जुलैला दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून झेपावले. प्रत्यक्ष उड्डाण हा या साऱ्या खटाटोपाचा शेवटचा आणि कदाचित सर्वांत लहान भाग होता.

कन्हान परिसर कोळसा खाणींचा आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी खाणीची तपासणी का करायची, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या तपासणीतून ‘काहीच सापडले नाही’ हीच सर्वांत चांगली बातमी असते, आणि नेमक्या त्याच बातमीला कोणी विचारत नाही. अंतराळ मोहिमांचेही तसेच आहे.

तयारीत राहून गेलेली गोष्ट किती क्षुल्लक असू शकते, याची उदाहरणे परदेशातही आहेत. अमेरिकेच्या एका खासगी कंपनीचा ‘ओडिसियस’ लॅंडर फेब्रुवारी २०२४ मध्ये चंद्रावर उतरला खरा, पण कलंडला. त्याच्या लेझर उंचीमापकाची सुरक्षा-कळ जमिनीवर असतानाच मोकळी करायला हवी होती. ती तशीच राहिली आणि हे ध्यानात आले तेव्हा यान चंद्राभोवती फिरत होते. जपानच्या आयस्पेस कंपनीचा लॅंडर एप्रिल २०२३ मध्ये कोसळला. उतरण्याची जागा नंतर बदलली गेली, नव्या मार्गावरील विवराच्या कड्यापाशी जमीन एकाएकी खोल गेली आणि संगणकाने उंचीमापकालाच खोटे ठरवले. या कंपनीने कारणमीमांसा महिन्याभरात जाहीर केली. आपल्याकडे तेवढ्या तपशिलासाठी जवळजवळ चार वर्षे लागली. पैसा जनतेचा असताना हा विलंब खटकतो.

सुट्या भागांच्या कारखान्यांपुरता हा महाराष्ट्राचाही प्रश्न आहे. चांद्रयानाला नेणाऱ्या रॉकेटची इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये घडतात, त्याच्या प्रचंड घन-इंधन बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला तयार झाले आहेत. चूक कुठे झाली हे खुलेपणाने कळले, तरच पुढची चाचणी कोणती हवी हे अशा कारखान्यांतील अभियंत्यांनाही कळेल.

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला २१०४.०६ कोटी रुपये मंजूर केले, मुदत ३६ महिन्यांची. चंद्रावरून माती आणणाऱ्या या मोहिमेत पाच भाग, दोन रॉकेटे, अवकाशात जोडणी आणि चंद्रावरून पुन्हा उड्डाण, इतके सारे आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘स्पेडेक्स’ने दोन यानांची जोडणी साधून यातील एक पायरी ओलांडली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी पुढे २०२८ हे लक्ष्य सांगितले. म्हणजे मूळ मुदतीपेक्षा थोडा अवकाश मिळाला. तो चाचण्यांसाठी वापरला जावा, तारखेच्या घोषणेसाठी नव्हे. यानाचे भाग जोडून झाले की राजकीय घाई सुरू होते आणि कात्री पहिली लागते ती पुनर्तपासणीलाच. १५ जुलै २०१९ ला चांद्रयान-२ चे उड्डाण उलटगणती ५६ मिनिटांवर असताना थांबवण्यात आले होते. राष्ट्रपती उपस्थित असतानाही तो निर्णय घेतला गेला. यान आठवड्याभराने, २२ जुलैला, विनाविघ्न उडाले.