वाशिमला आहाराचे धडे नकोत, ज्वारी हवी

आमच्या वाशिम जिल्ह्यात येऊन कोणी बायांपुढे ‘संतुलित आहार घ्या, पालेभाज्या खा, फळं खा’ असं व्याख्यान झोडायला लागलं की माझं डोकं फिरतं. समोर बसलेली बाई पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करते आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. काय खाल्लं म्हणजे अंगात जोर राहतो हे तिला कोणी शिकवायची गरज नाही. अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालायच्या, तरोटा कोवळा असताना कधी खुडायचा, बाळंतिणीला काय द्यायचं, हे सगळं तिच्या सासूला तोंडपाठ होतं. ते जिन्नस तिच्या ताटातून गेले आणि आता रिकाम्या ताटापुढे बसवून तिलाच सवयी सुधारायला सांगता? ही बेशरमी आहे.

सरकारचेच आकडे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. मधल्या चार-पाच वर्षांत राज्यात महामार्ग झाले, मेट्रो धावली, आणि पोरांचं रक्त आटलं. हे राज्याचे आकडे आहेत. वाशिम तर २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. मागास म्हणायला लाज वाटली म्हणून नाव बदललं. ताट तेच राहिलं.

जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने बाहेरून आणलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, आणि तेव्हाही बाईच शेवटी जेवत होती. पण वऱ्हाडातल्या साध्या शेतकऱ्याच्या घरी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण किंवा बेसन, जवसाची नाहीतर कऱ्हाळाची चटणी आणि धुऱ्यावरची एखादी भाजी एवढं रोजचं होतं. हिवाळ्यात तुरीचे सोले यायचे, हुरडा यायचा. आज आहारतज्ज्ञ तंतुमय पदार्थ, लोह, चांगली स्निग्धं म्हणून जे सांगतात ते सगळं त्या ताटात होतं, आणि त्यातलं बहुतेक विकत आणावं लागत नव्हतं.

मग सोयाबीन आलं. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत हातात येणारं, दिवाळीला रोख पैसा देणारं पीक सोडून तो ज्वारी का पेरेल? ज्वारी पेरली तर कणसांवर पाखरं, रात्री रोही आणि रानडुकरं, काढणीच्या वेळी पाऊस आला तर दाणा काळा. राखणीला माणूस कुठून आणायचा? म्हणून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही जा, खरिपात नजर पोचेल तिथपर्यंत सोयाबीनच. आणि त्या सोयाबीनने तरी काय दिलं? २०२४ मध्ये हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये जाहीर झाला आणि शेतकऱ्यांनी बाजार समितीत त्याच्या कितीतरी खाली माल विकला. पोट गेलं आणि पैसाही गेला.

यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट सांगतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, डाळींच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे देशातल्या प्रथिनांच्या भरलेल्या कोठारांपैकी एक कोठार हा आमचा जिल्हा आहे. ते सगळं पोत्यांत भरून गिरणीला जातं, तेल निघतं, ढेप निघते आणि ती ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. इकडे गावात ‘मोफत आरोग्य शिबिर’ म्हणून फलक लागतो. वजनकाटा असतो, एक यंत्र हातात धरायला देतात, कागदावर काहीतरी छापून येतं आणि शेवटी प्रथिनांच्या पावडरीचा डबा पुढे केला जातो. असा एक डबा मी हातात घेऊन फिरवून वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पहिलाच घटक लिहिलेला होता: सोया प्रोटीन. सोयाबीनच्या शेतकऱ्याला त्याच्याच दाण्याची भुकटी त्याच्या आठवड्याच्या मजुरीएवढ्या किमतीला विकली जाते आणि शिबिराला पाहुणे म्हणून गावचे पुढारी हार घालून बसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा प्रथिन पावडरी टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे. त्या सूचनांचा कागद त्या मांडवात कोणी आणत नाही.

घरचं सोयाबीन खाता येतं. कच्चं मात्र खाऊ नये, कारण त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. उष्णतेने तो जातो. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि नऊ किलो गव्हात किंवा ज्वारीत एक किलो घालून दळायचं. पोळी-भाकरीची चव फारशी बदलत नाही. एवढी साधी गोष्ट गावोगाव दाखवायला कृषी सहायक, अंगणवाडी सेविका आणि बचत गट हाताशी असताना ती दाखवली जात नाही. तणनाशक कोणतं मारायचं हे मात्र दुकानदार बरोबर सांगतो.

तणनाशकाचंही ऐका. निंदणाला गेलेल्या बाया येताना ओट्यात भाजी घेऊन यायच्या. घोळ, चिवळ, तरोटा, काटेमाठ, ही सगळी मालकाच्या दृष्टीने तण आणि मजुराच्या दृष्टीने रात्रीचं कोरड्यास होती. सोयाबीनमध्ये तणनाशक फवारलं की दोन आठवड्यांत हे सगळं पिवळं पडून जातं. निंदणाची बरीच मजुरी गेली आणि फुकटची भाजीही गेली. धुऱ्यावर जे उरतं ते फवारणीच्या भीतीने कोणी खुडत नाही. आता तीच बाई आठवडी बाजारात पालकाची जुडी विकत घेते, परवडली तर.

रेशनकडे या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं आहे. भरड धान्य, म्हणजे आमची ज्वारी. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झालं, माणशी ५ किलो. पण दुकानातून येतो गहू आणि तांदूळ. ज्वारी आली तर मधूनच, दोन-चार महिन्यांपुरती, मग पुन्हा गायब. ज्या मातीत भात पिकत नाही त्या मातीतल्या माणसाला वर्षानुवर्षं तांदूळ देऊन भात खायला लावलं, आणि आता मधुमेह वाढला म्हणून भात कमी करा असा सल्ला! २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरड धान्य वर्ष होतं. भरड धान्याला ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं, कचेऱ्यांत प्रदर्शनं झाली, ज्वारीचे केक कापले गेले. गरिबाच्या पिशवीत ज्वारी कायमची का पडली नाही, हे कोणी विचारलं नाही.

त्याच्या आदल्या दिवाळीत याच राज्याने ‘आनंदाचा शिधा’ वाटला होता. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ, एक लिटर पामतेल. चारांतली चणाडाळ सोडली तर बाकी तिन्ही गोष्टी डॉक्टर कमी करायला सांगतात. सणाला गोड खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण सरकारने पैसे घालून घरात काय पोचवायचं ठरवलं ते पाहा. शेंगदाणे, जवस, गूळ, ज्वारी यांपैकी एकही नाव त्या यादीसाठी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शाळेतल्या अंड्याचं तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. आठवड्यातून एक! जानेवारी २०२५ मध्ये त्याचाही जादा निधी थांबवला आणि लोकसहभागातून बघा म्हणून शाळांना सांगितलं. ज्या तांड्यांवरून दसऱ्यानंतर अर्धी माणसं ऊसतोडीला जातात तिथे लोकसहभाग कोणाचा घ्यायचा? पहिली ते पाचवीच्या पोराला शाळेच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. एका अंड्यातून त्यातली निम्मी मिळतात. उकडलेलं अंडं भेसळीचं करता येत नाही, पातळ करता येत नाही, त्यातून कोणाला टक्केवारी सहज काढता येत नाही. म्हणूनच त्याचा निधी थांबला असं मला वाटतं, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

आता घरातल्या पुरुषांकडे येतो, कारण सगळं सरकारवर ढकलून आपण सुटत नाही. फाट्यावरच्या टपरीवर सकाळी आठ वाजता उभे राहा. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातोय. गुटख्यावर या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि खर्रा पोरासोरांच्या हातात आहे. एका खर्ऱ्याच्या पैशात घरात दोन अंडी येतात. दिवसातून तीन-चार खर्रे खाणारा माणूस ‘महागाईत पोरांना काय खाऊ घालायचं’ म्हणतो तेव्हा त्याला तोंडावर सुनावलं पाहिजे. शेजारी पाच रुपयांच्या तळलेल्या खाऊच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. रडणाऱ्या पोराच्या हातात तीच पुडी दिली जाते, वर पामतेल आणि मीठ लिहिलेलं. फुटाणे त्याच दुकानात मागच्या बरणीत असतात.

चहाचं तर विचारूच नका. आलेल्या-गेलेल्याला चहा, त्यात दोन-दोन चमचे साखर. दिवसाला सहा कप झाले की पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना जमल्यास २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आणि जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यातून आणलेली लोहाची गोळी चहाबरोबर गिळणारी गरोदर बाई मी पाहिली आहे. गोळ्या मोजून देणाऱ्याने तिला हे एक वाक्य सांगितलं नव्हतं.

पण तिचं रक्त कमी असण्याचं मूळ कारण चहापेक्षा जवळ आहे. घरात पुरुष जेवतात, मग पोरं, मग सासू, आणि शेवटी ती. पातेल्यात तळाला वरणाचं पाणी आणि दुरडीत एक-दीड पोळी. वरणातली डाळ आधीच वाढली गेलेली असते. ज्या दिवशी घरात अंडी होतात त्या दिवशी तिच्या वाट्याला रस्सा. हे मोडायला शासन निर्णय लागत नाही. सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसायचं, एवढंच लागतं. जो पुरुष हे करत नाही त्याने बायकोला रक्ताची बाटली लागली तर नशिबाला बोल लावू नये.

आणि सरकारकडे माझं मागणं एकच आहे. वाशिमच्या रेशनमधल्या माणशी ५ किलोपैकी २ किलो ज्वारी करा, बारा महिने, याच जिल्ह्यात हमीभावाने घेतलेली. ज्वारी टिकत नाही, किडते, असं उत्तर येईल. मग दूर गोदामात नेऊन वर्षभर ठेवू नका, तालुक्यात घ्या आणि तालुक्यात वाटा. शेतकरी पेरत नाही असं म्हणतील. खरेदीची हमी आणि रोह्यांपासून राखणीला कुंपणाचं अनुदान द्या, मग पाहू पेरतो की नाही. पैसा नाही म्हणतील. २०२४–२५ मध्ये संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता, म्हणजे दोन किलोला अडुसष्ट रुपयांच्या आत. एका माणसामागे महिन्याला एवढेही जड होत असतील, तर पुढच्या आरोग्य शिबिराच्या मांडवात, त्याच बायांसमोर उभं राहून तसं सांगा.