चोर सोडून संन्याशाला फाशी

ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून कुणी नाक मुरडील. खुशाल मुरडावे. ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचे मूल आणि मोबाइल आहे, तिथे हा विषय माझ्याआधीच येऊन बसला आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीत २०१० साली देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे पाड्यापाड्यांवर मोबाइलही आला. त्याच्याशी वागावे कसे, हे मात्र मुलांना कुणी शिकवले नाही.

माझ्या वर्गातल्या दहावीच्या एका मुलीने भाबड्या विश्वासाने एका मुलाला स्वतःचे, पाठवू नये असे छायाचित्र पाठवले. आठवड्यात ते गावभर झाले. मुलीची शाळा सुटली. मुलगा पहिल्या बाकावर बसून पास झाला! ज्यांनी ते चित्र चवीने पाहून पुढे धाडले, तेच पालकसभेत म्हणाले, "मुलींच्या हाती मोबाइल देऊच नये." मी गप्प बसलो. ती लाज अजून जात नाही.

मी मॅट्रिक झालेला मास्तर, कायदेपंडित नव्हे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब मला वाचता येते. अठरा वर्षांखालील मुलांचे अश्लील चित्रण पसरवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, हे योग्यच. परंतु मुलीने स्वतःचेच चित्र पाठवले तर काय, याचा वेगळा विचार त्यात नाही. म्हणजे घात करणारा आणि जिचा घात झाला ती, दोघे एकाच तराजूत!

दुसरीकडे काही शहाणे भाषणस्वातंत्र्याची ढाल पुढे करतात. २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्या वेळी लावलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. उत्तम झाले. पण आपले मत मांडणे निराळे आणि दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे निराळे. पहिले स्वातंत्र्य, दुसरी चोरी.

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून लैंगिक ज्ञान उघडपणे दिले, तर आपण त्यांच्यावर खटले भरले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. आपण अजून फिर्यादीच्याच बाजूला उभे आहोत.

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला मुलांकडून एवढा शब्द घ्या, की कुणाचेही असे चित्र मागणार नाही, पुढे धाडणार नाही. आणि मुलींना सांगा: चूक झाली तर आधी आमच्याकडे ये, आमच्याशी बोलवत नसेल तर १०९८ ला फोन कर. शाळा सुटणार नाही.